करदोट्यासकट

"तुमची पोरं हलकी भरतायत, बाई," बाबूराव सहज बोलावं तसं बोलले, आणि चारुशीलेच्या मनात आलं, ह्यांना कुणी सांगितलं?

स्टँडसमोरच्या हॉटेलात दाराशेजारच्या बाकावर ती अंग चोरून बसली होती. जळकोटहून नळदुर्गला गाडी बदलून तुळजापूरला यायचं म्हणजे अंगभर धुरळा, आणि पदर तोंडाला लावला तरी नाकात बसलेला डिझेलचा वास. पायाशी वजनकाट्याची लाकडी पेटी होती. बाबूराव उस्मानाबादहून मुद्दाम तिला भेटायला आले होते आणि बशीत चहा ओतून फुंकत होते. ते जळकोटच्या पोरांबद्दल बोलत होते, तिनं तोललेल्या, तिनं लिहून पाठवलेल्या. एवढं कळायलाही तिला वेळ लागला, कारण 'पोर' म्हटल्यावर तिच्या डोळ्यांपुढं एकच मूल आलं होतं आणि ते आत्ता देवळाकडच्या गल्लीत, घरी, सासूच्या मांडीवर होतं. हलकं. हा शब्द तिनं लीलाबद्दल स्वतःशीसुद्धा कधी म्हटला नव्हता. बारीक म्हटलं होतं, नाजूक म्हटलं होतं, हाडापेरानं लहान म्हटलं होतं. ते सगळे शब्द आत्याबाईंचे, म्हणजे सासूचे होते, आणि आयते मिळालेले म्हणून तोंडात बसले होते.

"म्हणजे कशी हलकी?" ती म्हणाली.

"मागल्या पाहणीत जळकोटची वर्षाआतली पोरं जेवढी भरली, त्याच्यापेक्षा तुमची पाऊण पौंड कमी. एखादं न्हाय, सरासरी. आता तुम्हीच बघा, मधल्या काळात गावात काय काय झालं. सडक चांगली झाली, विहिरींवर इंजनं बसली, शाळेला खोल्या झाल्या. सायकली तर मोजवत नाहीत. लोक सणावाराबिगर गव्हाची पोळी खायला लागले. अन् पोरं म्हणे हलकी! पुण्याला मी काय तोंड दाखवू?" त्यांनी बशी खाली ठेवली. "काटा कुठं पडला-बिडला होता का?"

"नाही."

"रागावू नका. विचारावं लागतं."

ती रागावली नव्हती. पेटीच्या कडीवरून ती बोट फिरवत होती. पुण्याच्या कुठल्याशा अभ्यासमंडळानं ही पाहणी काढली होती. लोकांचं राहणीमान चढतंय की उतरतंय हे बघायचं. घरात जोंधळा किती शिजतो, डाळ किती, रॉकेल किती, अंगावर बदलायला दुसरं लुगडं आहे का, आणि सगळ्यात शेवटी घरातल्या तान्ह्या मुलाचं वजन. हे शेवटचं मंडळातल्या एका वयोवृद्ध प्रोफेसरांनी घालायला लावलं होतं म्हणे. माणूस जोंधळ्याचा हिशेब फुगवून सांगेल, पण मुलाचं वजन कसं फुगवेल, असं त्यांचं म्हणणं होतं. पहिली पाहणी मराठवाडा मुंबई राज्याला जोडला त्याच्या पुढच्या साली झाली. तेव्हा बाबूराव स्वतः गावोगाव काटा घेऊन हिंडले होते. आता महाराष्ट्र झाला होता, बाबूराव सुपरवायझर झाले होते, आणि मुसलमान घरांच्या आतल्या अंगणापर्यंत जाईल अशी शिकलेली बाई पाहिजे होती. तिच्या नवऱ्यानं, वसंतरावांनी, हायस्कुलात कुणाकडून तरी हे ऐकलं आणि घरी येऊन गमतीनं म्हटलं, "अगं, तुझ्या बीए-ला गिऱ्हाईक आलंय." ती हसली नव्हती. दुसऱ्या दिवशी तिनं होकार कळवला होता. लीला तेव्हा सहा महिन्यांची होती, आणि "अंगावर पिणारं लेकरू टाकून?" असं आत्याबाई एकदाच म्हणाल्या होत्या. एकदाच म्हणाल्या म्हणून ते तिच्या जास्त लक्षात राहिलं.

सोलापूरच्या कॉलेजात अर्थशास्त्राचे सर फळ्यावर एक रेघ काढायचे, डावीकडून उजवीकडं चढत जाणारी. ही रेघ म्हणजे देश, असं म्हणायचे. रेघ काढून झाली की खडूची पूड झटकायचे आणि ती पहिल्या बाकावरच्या मुलींच्या वह्यांवर पडायची. त्या रेघेत माणसं असतात हे तिला तेव्हा माहीत होतं, पण ती लाथा मारतात हे माहीत नव्हतं. जळकोटची पोरं लाथा मारत. झोळीत घालून आढ्याच्या कडीला टांगलं की जिवाच्या आकांतानं हातपाय झाडत. काट्याची सुई नुसती नाचायची, आणि तिनं मान वर करून, डोळ्यांत कचरा झेलत, ती थांबायची वाट बघायची. पूर्ण थांबायची नाहीच. मग इकडचं टोक आणि तिकडचं टोक बघून मधला आकडा धरायचा. पहिल्याच दिवशी मल्लम्मा नावाची एक म्हातारी काठी टेकत बघायला आली होती. तुळजापूरची बाई काटा घेऊन आलीय म्हटल्यावर तिचा समज वेगळाच झाला होता.

"कुनाचा नवस हाय?" तिनं विचारलं होतं. "आन् भारोभार काय द्येनार, गूळ का खोबरं?"

"काही नाही, आजी. नुसतं वजन बघायचंय."

"मंग फुकट कशाला टांगता लेकराला?" असं म्हणून म्हातारी बराच वेळ तिथंच बसली होती, गूळ मागाहून येईल ह्या आशेनं असेल.

"बाबूराव," चारुशीला म्हणाली, "मागच्या वेळी तुम्ही पोरं कुठं तोललीत?"

"चावडीपाशी. बायकांत आपल्याला कोण जाऊ देतंय? घरातला गडीमाणूस लेकरू घेऊन बाहेर यायचा. नीट तोलली हां, एकेक. अन् तुम्हाला सांगतो, काय नटवून आणायचे! त्या मधल्या गल्लीतली तर सगळी पोरं चांदीनं मढलेली. मी तसा शेरासुद्धा मारलाय, की लहान मुलांच्या अंगावर चांदी आढळली, परिस्थिती बरी दिसते."

तिला हसू आलं नाही. गेल्या आठवड्यात ह्याच गोष्टीला ती जमिलाबीच्या अंगणात खूप हसली होती. जमिलाबीच्या दाराला गोणपाटाचा पडदा होता आणि तिचा नातू गफार असा माजलेला होता, की त्याच्या पायानं चारुशीलेच्या बांगड्या वाढवल्या. "ह्यो घोडा हाय, बाई, घोडा," जमिलाबी कौतुकानं म्हणाली. गफारच्या अंगावरचं सगळं उतरवायचं म्हटल्यावर आधी तिनं ओठ मुडपले, मग ताईत ठेवून बाकीचं काढू दिलं, आणि काढता काढता तिला काय आठवलं कोण जाणे, ती एकदम पदर तोंडाला लावून हसायला लागली.

"मागल्या टायमाला तर लई मज्जा झाली व्हती. सरकारचा मानूस लेकरं बघाया येनार म्हनल्यावर उघडं लेकरू दावायचं व्हय? आमच्यात चांदी कुनाकडं व्हती? त्या हैदरच्या बायकोकडं, नूरजहाँकडं, तिच्या म्हायेरची. कमरंला ह्यो येवढा जाड करदोटा, वाळं, हातातली कडी. एक लेकरू तोलून आत आलं का उतरायची आन् भितीवरनं पल्याड द्यायची. त्येंचं झालं का त्येंनी म्होरं. समदी गल्ली एका चांदीत तोलली!"

"आन् तवा आपली थोरली रुखसाना रडत व्हती, कडी काढू द्येईना," जमिलाबीची सून सकिनाबी आतून म्हणाली, आणि तिघी पुन्हा हसल्या. गफार झोळीतून त्यांच्याकडं बघत होता आणि लाथा झाडत होता.

आता हॉटेलात बसून तिनं ते बाबूरावांना सांगितलं. मजा वगळून, सरळ सांगितलं. चांदी एकच होती. एका घरातून दुसऱ्या घरात भिंतीवरून जात होती. शिवाय कुंची, झबली, सगळं त्यांच्या वजनात आलं असणार, आणि मी मात्र सगळं उतरवून तोललं.

बाबूरावांनी बशी तोंडाजवळ नेली होती, ती तशीच राहिली. "एकच?"

"एकच."

"बेट्यांनो," ते म्हणाले, आणि खांदे हलवत हसायला लागले. गल्ल्यावरचा माणूससुद्धा वळून बघायला लागला. मग हसू संपलं आणि ते रस्त्याकडं बघत राहिले. देवीला आलेल्या लोकांची एक गाडी रिकामी होत होती, बायका पोरांना खिडकीतून खाली देत होत्या. "मी तर ती चांदी बघून खूश झालो होतो हो," ते म्हणाले. "म्हटलं, रझाकारात नागवलेलं गाव, पण सावरलं." थोड्या वेळानं ते पुन्हा सुपरवायझर झाले. "म्हणजे पोरं हलकी झाली का जड झाली, आता कोण सांगणार? कुणीच न्हाय. हे बघा बाई, एक काम करा. राहिलेल्या गावांत तुम्हीही तशीच तोला. अंगावरचं काढू नका. चूक दोन्ही वेळा सारखी असली की चूक धरायची नसते. तेवढी चांदी ह्याही बाजूला, तेवढीच त्याही बाजूला. उरलं ते लेकरू."

"पण चांदी तीच पाहिजे," ती म्हणाली.

"हां, ते तर झालंच."

चांदी तीच पाहिजे. हे तिच्याच तोंडातून निघालं होतं, आणि निघाल्यावर तिला पायाखालच्या फरशीचा गारवा चपलेतून तळव्याला लागल्यासारखं झालं. पौषात काटा पहिल्यांदा घरी आला तेव्हा तिनं लीलाला तोललं होतं. कुणी नसताना, घाईनं, झबल्याकुंचीसकट, कमरेला नुसता काळा दोरा होता. सुई चौदा पौंडांवर दिसली आणि तिनं लगेच उचलून घेतलं होतं. चौदा बरे होते. फार नव्हते, पण बरे होते. त्या आकड्यावर तिनं महिने काढले. जळकोटला पोरं तोलताना ती मनातल्या मनात प्रत्येकाच्या शेजारी लीलाचे चौदा ठेवून बघायची आणि कुणी तेरा भरलं की त्या पोराची कणव येऊन आत कुठंतरी सैल व्हायची, मग त्या सैल होण्याची लाज वाटायची. परवा तिनं पुन्हा तोललं. पुन्हा झबल्याकुंचीसकट. पुन्हा चौदा. वाढली नाही, पण घटली तर नाही, असं तिनं ठरवून टाकलं आणि रात्री नीट जेवली. पण मध्ये संक्रांत येऊन गेली होती. बोरन्हाणाला आत्याबाईंनी पेठेतल्या सोनाराकडून नातीला चांदीचं सगळं घडवून आणलं होतं. रेशमाच्या गोफात ओवलेला करदोटा, पायांत वाळे, हातांत बिंदल्या. लीलाच्या डोक्यावरून बोरं आणि चुरमुरे ओतले तेव्हा गल्लीतली पोरं तुटून पडली होती आणि लीला मधोमध पाटावर बसून होती, एकही बोर न उचलता. "किती गं शांत!" प्रत्येक बाई म्हणाली होती. "पोर आहे हे घरात कळतसुद्धा नाही." चारुशीलेला त्याचा अभिमान वाटला होता. कामावर जाताना तोच अभिमान उपयोगी पडायचा. "तू गेल्यावर आठवणसुद्धा काढत नाही, गुणाची आहे," आत्याबाई सांगायच्या आणि ती अर्ध्या जिवानं गाडीत बसायची. रात्री वसंतरावांकडं विषय काढला तर ते वह्या तपासता तपासता म्हणायचे, "मुलं ज्याच्या त्याच्या गतीनं वाढतात. तू सगळ्यांना एका फुटपट्टीनं मोजतेस."

पौषातल्या चौदात चांदी नव्हती आणि परवाच्या चौदात चांदी होती.

"बाई, चहा?" बाबूराव म्हणाले. ती उठली होती. पेटी तिच्या हातात होती. "अहो, अणदूरला कधी जाताय ते तरी सांगा!" ते मागून ओरडले, आणि तिनं मान हलवली, ती होकाराची का नकाराची हे तिलाही माहीत नव्हतं. देवळाकडं उतरणाऱ्या रस्त्यानं कवड्यांच्या माळांची दुकानं, कुंकवाच्या राशी, हातात परडी घेतलेल्या बायका, ह्या सगळ्यांतून ती वाट काढत होती. ऊन तापलं होतं आणि पेटीची कडी बोटांना चावत होती. समोरून येणाऱ्या एका बाईच्या कडेवर टकलं पोर होतं, ते आईच्या पोटाला टाचा मारत होतं, आई त्याला दटावत होती. चारुशीला त्या टाचांकडं बघत राहिली, ती बाई निघून गेल्यावरसुद्धा.

घरी आत्याबाई माजघरात लीलाला मांडीवर घेऊन तांदूळ निवडत होत्या. लीला जागी होती. सुपातल्या हलणाऱ्या दाण्यांकडं तिची नजर होती, हात तिकडं जात नव्हता. चारुशीलेनं पेटी उघडली, पाळणा काढून ठेवला आणि पाळण्याच्या कडीला काटा टांगला.

"आल्या आल्या हे काय काढलंस? हातपाय तरी धू."

"आत्याबाई, तिच्या अंगावरचं सगळं काढायचंय."

"सगळं?"

"करदोटासुद्धा."

"मंगळवारी? देवीच्या वारी लेकराची कंबर उघडी करायची? शिकल्यावर असंच होतं का गं? लोकांच्या पोरांची काढलीस ती पुरेत ना?" त्या बोलत होत्या, पण मूल त्यांनी सोडलं. ते तिनं कसं घेतलं हे बघून सोडलं असेल. तिनं झबलं काढलं, लंगोट काढला, बिंदल्या काढल्या. वाळे काढायला ओढावं लागलं नाही, पाय धरल्यावर ते आपणहून तळव्यावरून घसरले. मग करदोटा. गोफाची गाठ सोडताना तिचं बोट थांबलं. गाठीच्या पुढं, सुटलेल्या शेंड्याकडं, रेशीम एका जागी चुरगळलेलं होतं. त्याच्यापुढं बोटभर अंतरावर आणखी एका जागी. तिथं आधी गाठ होती. आणि त्याच्या आधी, तिथं.

तिनं मान वर केली. आत्याबाई सुपाकडं बघत होत्या.

"सैल व्हायचा," त्या म्हणाल्या. "खाली घसरायचा. दोनदा आत घेतली गाठ."

"कधी?"

"एकदा शिवरात्रीच्या सुमारास. अन् एकदा आता." त्यांनी सुपातला एक खडा उचलला आणि तो टाकायला त्यांना जागा सापडेना. "मला वाटलं, गोफच ढिला पडतोय. नवं रेशीम ताणतं. सोनार म्हणाला होता."

ह्यावर बोलायला पुष्कळ होतं. तू घरी नसतेस, हे होतं. तुम्ही वरचं दूध देऊ देत नव्हता, सोसणार नाही म्हणून, हेही होतं. मला दिसत होतं, हे तर दोघींकडंही होतं. चारुशीलेनं लीलाला झोळीत ठेवलं आणि हात काढून घेतला. जळकोटच्या सवयीनं ती एक पाऊल मागं सरली, पाय लागू नये म्हणून, आणि सवयीनंच मान वर करून तिनं श्वास धरला, सुई नाचून नाचून दमेपर्यंत धरायचा तसा.

सुई बाराच्या जरा पुढं गेली आणि थांबली.

इकडं नाही, तिकडं नाही. मधला आकडा धरायचं काही कारणच नव्हतं. एवढं स्वच्छ वजन तिला सबंध पाहणीत कुठं मिळालं नव्हतं. झोळीच्या कडेवरून लीला शांतपणे आईकडं बघत होती, हात जिथं ठेवले तिथं, पाय जिथं ठेवले तिथं.

"गुणाची गं माझी बाई," आत्याबाई म्हणायला लागल्या, आणि पुढचं त्यांच्या तोंडातच राहिलं. त्यांनी काट्याकडं बघितलं नाही. त्यांना आकडे वाचता येत नव्हते. त्यांनी पोरीच्या पायांकडं बघितलं.

चारुशीलेनं मूल उचललं, धुतलेल्या धोतराच्या मऊ तुकड्यात गुंडाळलं आणि खांद्यावर घेतलं. "मी सरकारी दवाखान्यात जाते. ते शाळेतून आले की सांगा."

"ह्या उन्हात? थांब, मी येते. अगं, कंबर तरी झाक तिची, करदोटा घाल."

"राहू द्या. तिथंही काटा असेल."

आत्याबाई चांदी ओंजळीत घेऊन उभ्या राहिल्या. मग त्यांनी ती पाटावर ठेवली, दिवळीतल्या काजळाच्या डबीत बोट बुडवलं आणि दारापर्यंत येऊन लीलाच्या गालाला तीट लावली. "एवढं असू दे," त्या म्हणाल्या. चारुशीला थांबली, लावून होईपर्यंत. तिटेनं काही बिघडणार नव्हतं, तिला वजन नव्हतं.

गल्लीत सावली एकाच बाजूला उरली होती. तिच्या कडेकडेनं ती निघाली, एक तळवा लीलाच्या पाठीवर पसरून. पाठीचे मणके हाताला लागत होते आणि आज तिनं हात बाजूला घेतला नाही. आत्याबाईंच्या चपला मागून फटफट वाजत येत होत्या. कोपऱ्यावरच्या चढाला तिच्या बरगडीवर एक हलकासा धक्का लागला. लीलाच्या पायाचा असेल. तिच्याच चालण्याचाही असेल. तिला ठरवता येईना. ती चालत राहिली, दुसऱ्या धक्क्याची वाट बघत.